अणुभट्टीचा शेजार

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांची कन्या लग्नानंतर तारापूरकडे नांदावयास गेली आहे. जांवई तेथील अणुविद्युत् केंद्रांत अभियंते असून उभयतांचें बिर्‍हाड केंद्राच्या वसाहतींत आहे. मुलीस नुकताच पांचवा महिना लागला आहे. सातव्या महिन्यांत तिला माहेरीं आणावयाची हें ठरलेलेंच. परंतु आतांच आणावी काय, असें या बाईंच्या मनांत घोळत आहे. ही गोष्ट काढली कीं मुलगी रागावते, जांवई स्मित करून विषय बदलतात, आणि घरांतील पुरुषमंडळी वर्तमानपत्र खालीं न ठेवतां ‘कांहीं होत नाहीं’ एवढें म्हणून मोकळी होतात. बाईंचें लिहिणें असें कीं, कांहीं होत नाहीं हें त्यांनाहि मान्य आहे. पण कां होत नाहीं, आणि झालेंच तर काय करावयाचें, हें सांगणारा कोणी भेटत नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्हांस फार महत्त्वाचें वाटलें. अणुशक्तीविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच पंथ आढळतात. एका पंथास अणु हा शब्द कानीं पडतांच हिरोशिमा दिसूं लागतें. दुसर्‍या पंथास शंका विचारणारा मनुष्य विज्ञानाचा, किंबहुना देशाचाच, वैरी वाटतो. दोन्ही पंथांची सोय मात्र एकच, ती ही कीं माहिती करून घेण्याचे कष्ट वांचतात. या पत्राच्या निमित्तानें ते कष्ट थोडेसे घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तारापूर मुंबईच्या उत्तरेस सुमारें १०० किलोमीटरवर, समुद्रकांठीं वसलेलें आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. त्यांची वीज १९६९ च्या ऑक्टोबरपासून मिळूं लागली आणि भारतांतील अणुविजेचा आरंभ तेथेंच झाला. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या, या वेळीं देशी बनावटीच्या, त्यांच्या शेजारीं सुरू झाल्या. या भट्ट्यांत चालतें तें काम वर्णन करावयास अगदीं साधें आहे. युरेनियमचे अणु फुटतात, त्यांतून उष्णता निघते, तिनें पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें व चक्रानें वीज निघते. वाफ पुन्हां थंड करण्यास समुद्राचें पाणी लागतें आणि तें कांहीं अंशांनीं कोमट होऊन परत समुद्रास मिळतें.

अशा भट्टीचा अणुबाँबसारखा स्फोट होत नाहीं. बाँबासाठीं ज्या प्रकारचें युरेनियम जवळजवळ निर्भेळ लागतें, तो प्रकार तारापूरच्या जुन्या भट्ट्यांच्या इंधनांत दोन-तीन टक्के आणि नव्या भट्ट्यांच्या इंधनांत एका टक्क्याहूनहि कमी असतो. ओलें सरपण पेटतें, पण बंदुकीच्या दारूप्रमाणें उडत नाहीं, तसाच हा प्रकार. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें झालेला स्फोट भयंकर होता खरा, परंतु तोहि बाँबाचा स्फोट नव्हे. भट्टीची शक्ति एकाएकीं आवाक्याबाहेर वाढून वाफेच्या दाबानें तिचें झांकण उडालें. त्या भट्टीची घडणच सदोष होती आणि तारापूरच्या भट्ट्यांची घडण त्या जातीची नाहीं.

मग भय कशाचें? तें विझविलेल्या चुलींतील निखार्‍यांचें. आमच्या वाचक भगिनींस चुलीचा अनुभव नसला तरी त्यांच्या आजेसासूबाईंना होता. लांकडें ओढून घेतलीं तरी वैलावर ठेवलेलें दूध उतूं जात असे. अणुभट्टीचेंहि तसेंच आहे. अणु फुटण्याची क्रिया कळ दाबतांच काहीं सेकंदांत थांबवितां येते, पण फुटलेल्या अणूंचे जे तुकडे इंधनांत सांठलेले असतात ते उष्णता टाकीतच राहतात. भट्टी थांबली त्या क्षणीं ही उष्णता पूर्ण उष्णतेच्या सहा ते सात टक्के असते आणि एका दिवसानंतरहि सुमारें अर्धा टक्का उरते. अर्धा टक्का म्हणजे थोडें असें कोणास वाटेल. ५४० मेगावॅट वीज देणार्‍या भट्टींत त्याच्या तिपटीहून अधिक उष्णता निर्माण होत असते. तिचा अर्धा टक्का म्हणजे दीड किलोवॅटच्या पांच हजारांहून अधिक विजेच्या शेगड्या एका बंद खोलींत रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या, एवढा होतो. त्यांवर पाणी सतत खेळतें राहिलें तर कांहीं होत नाहीं. पाणी थांबलें तर इंधन वितळतें, आणि मग त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्यें बाहेरची वाट शोधूं लागतात. अणुकेंद्राच्या सुरक्षिततेचें सारें शास्त्र, भिंतींवर भिंती आणि पंपांमागें पंप, बहुतांशीं या एका पाण्याभोंवतीं फिरतें.

जपानांत २०११ च्या ११ मार्च रोजीं हेंच घडलें. प्रचंड भूकंप होतांच फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप, नियमाप्रमाणें, थांबल्या. बाहेरची वीज तुटली तेव्हां डिझेलचीं यंत्रें सुरू झालीं. त्यानंतर सुमारें १४ मीटर उंचीच्या समुद्राच्या लाटा आल्या आणि तीं यंत्रें बुडालीं. निखारे होते, पाणी फिरविणारें कोणी उरलें नाहीं. तीन भट्ट्यांतील इंधन वितळलें. ज्या जागीं हें केंद्र उभें आहे तेथें मूळची टेकडी सुमारें ३५ मीटर उंच होती. बांधकामाच्या व पाणी चढविण्याच्या सोयीसाठीं ती खणून १० मीटरपर्यंत खालीं आणली होती. त्याच किनार्‍यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ, ओनागावा नांवाचें दुसरें अणुकेंद्र आहे. त्याची आंखणी होत असतां यानोसुके हिराइ नांवाच्या अभियंत्यानें जुन्या लाटांचा इतिहास पुढें करून केंद्र सुमारें १५ मीटर उंचीवरच बांधावें असा हट्ट धरला व तो शेवटास नेला. लाट तेथेंहि सुमारें १३ मीटर आली, पण भट्ट्या सुरक्षित राहिल्या. हिराइ १९८६ सालींच वारले होते.

आपल्याकडेहि असा प्रसंग येऊन गेला आहे, आणि तो फारच थोड्यांच्या स्मरणांत आहे. १९९३ च्या ३१ मार्चला पहांटे उत्तर प्रदेशांतील नरोरा केंद्रांत चक्राचीं दोन पातीं तुटलीं, आग लागली, आगीनें विजेच्या तारा जाळल्या आणि केंद्र सुमारें १७ तास विजेवांचून राहिलें. कामगारांनीं आग विझविण्यासाठीं ठेवलेल्या डिझेलच्या पंपांचें पाणी भट्टीच्या बाष्पकांकडे वळविलें. कांहींजण हातांत विजेरी घेऊन अंधारांत इमारतीच्या माथ्यापर्यंत चढले आणि भट्टी पुन्हां पेट घेऊं नये म्हणून बोरॉनमिश्रित पाण्याच्या झडपा त्यांनीं हातानें उघडल्या. बाहेर किरणोत्सर्ग पसरला नाहीं. या माणसांचीं नांवें आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत असावयास हवीं होतीं असें आम्हांस वाटतें. परंतु जेथें अपघात झाला हें सांगण्याचाच संकोच, तेथें तो कोणीं निभावून नेला हें सांगणार कोण?

आतां पत्रांतील मुख्य शंकेकडे येऊं. कांहींएक अपघात नसतां, रोजच्या राहण्यांत, अणुकेंद्राच्या शेजारापासून गर्भवतीस व बालकास कितपत भय आहे? किरणोत्सर्ग मोजण्याचें एक माप आहे, त्यास मिलिसीव्हर्ट म्हणतात. जमिनींतून, आकाशांतून, अन्नांतून आणि श्वासांतून जगांतील मनुष्यास वर्षाकांठीं सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. हा सृष्टीचा प्रसाद कोणास चुकलेला नाहीं. छातीचें क्ष-किरण चित्र काढलें तर एका मिलिसीव्हर्टचा अगदीं अल्प अंश मिळतो, तर पोटाच्या सी. टी. तपासणींत दहाच्या जवळपास मिळूं शकतात. अणुकेंद्रापासून सामान्य नागरिकास मिळणार्‍या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षास १ मिलिसीव्हर्ट ठरविलेली आहे, आणि तारापूरच्या परिसरांतील पाणी, मासळी, दूध, भाजीपाला यांची वर्षानुवर्षें जी तपासणी झाली तिचे प्रसिद्ध झालेले आंकडे या मर्यादेच्या पुष्कळच खालीं आहेत. ही तपासणी अणुऊर्जा खात्याच्याच प्रयोगशाळा करतात, हा आक्षेप आम्हांसहि ठाऊक आहे. स्वतंत्र विद्यापीठांनीं ती समांतर करावी ही मागणी आम्हांस रास्त वाटते.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें आमच्या वाचक भगिनींवर अन्याय करणारें होईल. जर्मनींत १६ अणुकेंद्रांच्या परिसरांतील बालकांची पाहणी होऊन तिचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. केंद्रापासून ५ किलोमीटरच्या आंत राहणार्‍या पांच वर्षांखालील मुलांत रक्ताच्या कर्करोगाचें प्रमाण सुमारें दुप्पट आढळलें. १९८० ते २००३ या चोवीस वर्षांत सर्व केंद्रें मिळून अशीं ३७ मुलें निघालीं. ज्यांनीं ही पाहणी केली त्यांनींच असेंहि नमूद केलें कीं, त्या केंद्रांतून निघणारा किरणोत्सर्ग इतका अल्प आहे कीं त्यानें हा फरक घडावा हें ज्ञात शास्त्रास धरून नाहीं. ब्रिटिश तज्ज्ञांच्या समितीनें २०११ सालीं आपल्या देशांतील वीजकेंद्रांभोंवतींचे आंकडे तपासले, त्यांत अशी वाढ दिसली नाहीं. तेव्हां कारण कोणतें हा प्रश्न उघडाच आहे. भयाचें मोजमाप करावयाचें तर तें असें: मुळांत हा रोग फार विरळा, आणि विरळ्याची दुप्पटहि विरळच.

म्हणून आमचें मत विचाराल तर केवळ अणुकेंद्र जवळ आहे एवढ्यासाठीं मुलीस दोन महिने आधीं माहेरीं आणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. बोईसरच्या हवेचा विचार करून आणावयाची असेल तर गोष्ट निराळी. तारापूरची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांनीं भरलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो दूषितपणाचा निर्देशांक काढला त्यांत तारापूरचा क्रमांक सर्वांत वर होता. तेथील कारखान्यांत स्फोट व आगी होऊन कामगार दगावल्याच्या वार्ता वरचेवर येतात आणि दुसर्‍या दिवशीं विसरल्या जातात. अदृश्य किरणांस भिणारे आपण नाकास झोंबणार्‍या धुरास भीत नाहीं, हें मनुष्यस्वभावाचें एक नवलच म्हणावयाचें.

परंतु बाईंच्या पत्रांत दुसराहि प्रश्न होता: झालेंच तर काय? आणि आम्हांस खरी काळजी वाटते ती याच ठिकाणीं. आजवरच्या मोठ्या अपघातांत यंत्रांनीं दगा दिला तो दिलाच. पण शेजार्‍यांचे जे हाल झाले त्यांतील बरेचसे यंत्रांनीं केलेले नाहींत. ते माहिती वेळेवर न मिळाल्यामुळें झाले.

अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथें २८ मार्च १९७९ रोजीं एक झडप उघडी राहिली आणि ती मिटली असें दाखविणार्‍या दिव्यावर कामगारांनीं विश्वास ठेवला. इंधनाचा मोठा भाग वितळला, पण बाहेर गेलेला किरणोत्सर्ग अत्यल्प होता. दोन दिवस अधिकारी परस्परविरुद्ध बोलत राहिले, आणि तिसर्‍या दिवशीं राज्यपालांनीं पांच मैलांच्या आंतील गर्भवती स्त्रियांनीं व शाळेंत न जाणार्‍या मुलांनीं गांव सोडावा असा सल्ला दिला. प्रत्यक्षांत सुमारें १,४०,००० माणसें घर सोडून निघालीं. एकदां बोलण्यांत विसंगति दिसली कीं कोणत्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हें लोकांनीं कशावरून ठरवावें?

चेर्नोबिलला याच्या उलट झालें. अपघात २६ एप्रिलच्या पहांटे झाला. जवळच्या प्रिप्यात नगरांतील सुमारें ४९,००० लोकांस दुसर्‍या दिवशीं दुपारीं, तीन दिवसांत परत याल असें सांगून, मोटारींत बसविण्यांत आलें. मधल्या दिवशीं मुलें अंगणांत खेळतच होतीं. जगाला ही वार्ता सोव्हिएट सरकारनें आपण होऊन सांगितली नाहीं. हजारभर किलोमीटर दूर, स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रांत एका कर्मचार्‍याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला तेव्हां ती फुटली. या अपघातांत बालकांचें जें सर्वांत मोठें नुकसान झालें तें दुधावाटे झालें. भट्टींतून उडालेलें किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडलें, तें गाईंनीं खाल्लें आणि दुधांतून मुलांच्या गळ्यांतील अवटु ग्रंथींत जाऊन बसलें. २००५ सालापर्यंत, त्या वेळीं लहान असलेल्या ६,००० हून अधिक जणांस या ग्रंथीचा कर्करोग झाल्याची नोंद झाली. त्यांतील बहुतेक उपचारानें वांचले. पण हा रोग बर्‍याच अंशीं टाळतां आला असता. साध्या आयोडीनची गोळी वेळेवर घेतली तर ती ग्रंथि भरलेल्या घागरीसारखी होते आणि विषारी आयोडीनला तींत जागा राहत नाहीं. शेजारच्या पोलंडच्या सरकारनें मॉस्कोच्या खुलाशाची वाट न पाहतां २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीन पाजलें.

फुकुशिमाची कथा या दृष्टीनें सर्वांत हृदयद्रावक आहे, कारण तेथें सरकार जुलमी नव्हतें, केवळ गोंधळलेलें होतें. नामिए गांवचे लोक केंद्रापासून दूर म्हणून वायव्येकडील त्सुशिमा या डोंगरी भागांत जाऊन राहिले. वारा किरणोत्सर्ग कोणीकडे नेईल याचा अंदाज देणारी गणनायंत्रणा जपानकडे होती व ती आंकडे देतहि होती. ते आंकडे नामिएपर्यंत पोंचले नाहींत. हजारों माणसें १५ मार्चपर्यंत नेमकीं त्याच दिशेस थांबलीं जिकडे वारा वळला. केंद्रापासून सुमारें ५० किलोमीटरवरील मिहारु या गांवानें मात्र त्याच दिवशीं आपल्या जबाबदारीवर आयोडीनच्या गोळ्या वांटल्या. वरून परत घेण्याचा हुकूम आला तो त्यांनीं मानला नाहीं. फुकुशिमा प्रांतांत स्थलांतराच्या हालानें, औषधावांचून व दुःखानें जे लोक पुढें वारले त्यांची संख्या २,३०० च्या वर गेली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. किरणोत्सर्गामुळें रहिवाशांच्या प्रकृतीवर झालेला दुष्परिणाम मात्र संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीस दाखवितां आलेला नाहीं. पळून जाणें हेंहि एक संकट असतें, आणि त्याचीहि तयारी करावी लागते, ती अशी.

तारापूरकडे पुन्हां वळूं. अशा जुन्या केंद्रांभोंवतीं तीन वर्तुळें कल्पिलेलीं असतात. पहिल्या १.६ किलोमीटरांत वस्ती नाहीं, ५ किलोमीटरपर्यंत वस्ती वाढूं द्यावयाची नाहीं, आणि १६ किलोमीटरपर्यंत संकटकाळची योजना तयार ठेवावयाची. या तिसर्‍या वर्तुळांत चिंचणी-तारापूर आहे, किनार्‍यावरचीं मच्छीमार गांवें आहेत, बोईसर आहे आणि ती सारी औद्योगिक वसाहतहि आहे. केंद्र आलें तेव्हां हा परिसर बागायतदारांचा, मांगेल्यांचा व वारल्यांचा होता. आज तेथें परप्रांतांतून आलेले हजारों कामगार एकेका खोलींत पांच-पांच राहतात. संकट आलें तर यांपैकीं बहुतेकांस एक लोहमार्ग आणि बोईसर-चिल्हारसारखे थोडेसे रस्ते, एवढाच आधार. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या बाजूस भूकंपाचे लहानलहान धक्के बसूं लागले आणि कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. हे धक्के अणुकेंद्रास हलविण्यासारखे नव्हते. पण ज्यांच्या कुडाच्या भिंतींना तडे गेले त्यांच्या मनास ते हलवून गेलेच.

आमच्या वाचक भगिनींची कन्या केंद्राच्या वसाहतींत राहते. तिचे यजमान आंतले. भोंगा वाजला तर तो कशाचा, खिडक्या केव्हां लावून घ्यावयाच्या, गोळी कोठें मिळेल व गाडी कोठून सुटेल हें तिला शेजारणीकडूनहि कळेल. कुंपणाबाहेर, घिवलीच्या किनार्‍यावर मासळी वाळत घालणार्‍या, तिच्याच वयाच्या आणि कदाचित् तिच्याच दिवसांत असलेल्या एखाद्या स्त्रीस हें कोण सांगतें? जांवईबापूंस आमची विनंती आहे कीं, सासूबाईंच्या प्रश्नास स्मित करण्याऐवजीं त्यांनीं हा प्रश्न आपल्या कचेरींत विचारावा. संकटकाळच्या योजनेचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात आणि रंगीत तालमीहि ठराविक काळानें होतात. त्या तालमींत गांवकर्‍यांचें काम किती आणि कागदांचें किती, हें पाहण्यासारखें आहे.

या केंद्राच्या नव्या दोन भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं दोन गांवें उठविलीं गेलीं. त्यांचें पुनर्वसन झालें असें सरकार म्हणतें, तें अपुरें झालें म्हणून गांवकरी उच्च न्यायालयापर्यंत गेले. समुद्रावर पोट असलेल्या माणसास समुद्रापासून दूर पक्कें घर बांधून दिलें तर त्याला घर मिळालें असें म्हणावें कीं नाहीं, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें. राहिलेले मच्छीमार सांगतात कीं केंद्राजवळून होड्या नेतां येत नाहींत आणि पूर्वींची मासळी आतां मिळत नाहीं. कोमट पाण्याचा त्यांत वांटा किती आणि कारखान्यांच्या रसायनांचा किती हें शास्त्रज्ञ सांगोत. भुर्दंड भरणारे तेच. तारापूरची वीज पश्चिम भारतांतील घराघरांत जाते. ज्या दिव्याखालीं हें स्फुट लिहिलें जात आहे त्यांतहि तिचा अंश असेल.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मूळ घरें राजापूर-रत्नागिरीकडे आहेत. कोणाचे काका-काकू अजून तेथें राहतात, कोणाची आंब्याची बाग आहे, कोणी दरवर्षीं गणपतीस जातात. त्यांच्यासाठीं हा विषय तारापूरवर संपत नाहीं. माडबन येथें, जैतापूरच्या खाडीजवळ, फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्यांचें, एकूण ९,९०० मेगावॅटचें केंद्र योजिलेलें आहे. जमीन संपादन झाली, २०११ च्या एप्रिलांत आंदोलनावर गोळीबार होऊन एक इसम मृत्यु पावला, आणि पुढें वाटाघाटी लांबत गेल्या. २०१० सालीं जी जनसुनावणी झाली तिच्या आधीं अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाहीं अशी ग्रामस्थांची तक्रार होती. आतां ज्या फ्रान्स देशाची ही यंत्रें, तेथील रीत पाहा. अणुकेंद्राभोंवतीं राहणार्‍या कुटुंबांस आयोडीनच्या गोळ्या आधींच दिलेल्या असतात. पूर्वीं ही सोय १० किलोमीटरपर्यंत होती, ती २०१९ सालीं २० किलोमीटरपर्यंत वाढविण्यांत आली. घरोघर पत्र येतें, तें औषधाच्या दुकानांत दाखवावयाचें, गोळ्या विनामूल्य आणून कपाटांत ठेवावयाच्या, आणि अधिकार्‍यांनीं सांगितल्यावांचून घ्यावयाच्या नाहींत. यंत्र आणावयाचें तर त्याबरोबरची ही रीतहि आणावी लागेल, हें राजापूरकडील मंडळींनीं आतांच, पाया खणण्यापूर्वीं, कागदावर मागून घ्यावें. किती गोळ्या, कोणत्या आरोग्यकेंद्रांत, कोणत्या घाटानें बाहेर पडावयाचें, पावसाळ्यांत दरड कोसळली असतां काय, आणि भोंग्याचा आवाज खाडीपलीकडे साखरी नाट्याला ऐकूं जातो कीं नाहीं, हें सारें मराठींत.

ओनागावाचा उल्लेख वर आला आहे, त्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली. लाट ओसरल्यावर त्या गांवांत फारसें कांहीं उभें राहिलें नव्हतें. रात्र पडत चालली, बर्फ पडूं लागलें, आणि ज्यांचीं घरें वाहून गेलीं होतीं ते लोक टेकडीवरील अणुकेंद्राच्या फाटकाशीं आले, कारण आसपास धड अशी तीच एक इमारत उरली होती. केंद्राच्या अधिकार्‍यांनीं फाटक उघडलें. तीनशेंहून अधिक ग्रामस्थांनीं कित्येक आठवडे त्या केंद्राच्याच व्यायामशाळेंत मुक्काम केला. कामगारांनीं आपलीं पांघरुणें आणि आपल्यांतला शिधा त्यांस वांटून दिला.